गुलाबी रंगाची गोष्ट

आमच्या घरी किराणा आणायचं काम माझ्याकडे आहे. डाळ, तांदूळ, दूध, भाज्या वगैरे वीस मिनिटांत उरकतं. गाडी अडते ती एकाच ठिकाणी, हॅम आणि सलामीच्या फ्रीजसमोर. कारण मुलीला डब्यात हॅम सँडविच लागतं, आणि इथे अमेरिकेत हॅमचं पाकीट निवडणं म्हणजे एक परीक्षाच आहे.

दोन पाकिटं शेजारी शेजारी असतात. पहिल्याच्या मागे घटकांच्या यादीत 'सोडियम नायट्राइट' असं सरळ लिहिलेलं असतं. दुसऱ्याच्या दर्शनी बाजूलाच ठळक अक्षरांत 'अनक्युअर्ड', आणि त्याच्याखाली 'नायट्रेट किंवा नायट्राइट घातलेलं नाही'. किंमत जवळजवळ दीडपट. आणि मग त्याच्याही खाली, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, 'सेलरीच्या पुडीत नैसर्गिकरीत्या असलेलं सोडून'.

हे 'सोडून' म्हणजे काय हो? आमच्या धंद्यात कोणी रिलीज नोटमध्ये लिहिलं की 'या आवृत्तीत एकही बग नाही, आधीपासून असलेले सोडून', तर त्याला टेस्टिंगवाले फाडून खातील. इथे मात्र ते चक्क कायद्याने चालतं. चालतं कसलं, कायद्यानेच तसं लिहायला लावलंय! हे कसं झालं ते शोधायला बसलो आणि दोन-तीन शनिवार-रविवार त्यात गेले. जे हाती लागलं ते इतकं मजेशीर आहे की लिहून ठेवतोय.

सुरुवात सोऱ्यापासून करू. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक. मांस नुसत्या मिठात खारवलं की ते राखाडी-तपकिरी पडतं. पण मिठात थोडा सोरा मिसळला की तेच मांस छान लालसर राहतं, हे युरोपातल्या खाटकांना शेकडो वर्षांपासून माहीत होतं. का होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि गंमत बघा, सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात जाणाऱ्या सोऱ्याचा मोठा हिस्सा आपल्या बिहारमधून जायचा! तिथले नोनिया लोक खारट माती गोळा करायचे, ती पाण्यात विरघळवून, गाळून, उकळून सोरा काढायचे. डच आणि इंग्रज दोघांच्याही पाटण्याला वखारी होत्या. प्लासीनंतर, १७५८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने मीर जाफरकडून या सोऱ्याची मक्तेदारीच मिळवली. अर्थात ती सगळी धडपड तोफांसाठी होती, हॅमसाठी नव्हे. पण तोफखान्याला लागणारी ती वस्तू चिमूट-चिमूट करत खाटकाच्या पिंपातही पोचत होती.

आता जरा जर्मनीत जाऊ. नेपोलियनच्या लढायांनी कंगाल झालेला वुर्टेमबर्ग प्रांत. तिथे सॉसेज खाऊन माणसं विचित्र पद्धतीने मरायला लागली होती. ताप नाही, शुद्ध जात नाही, पण पापण्या मिटायला लागतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, घास गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो. तिथला एक तरुण डॉक्टर, युस्टिनुस केर्नर, याच्या मागे लागला. (हा माणूस मोठा कवीही होता. पुढे शूमानने त्याच्या कवितांना चाली लावल्या. एकेकाच्या वाट्याला काय काय येतं!) १८२० मध्ये त्याने ७६ रुग्णांच्या नोंदी छापल्या, १८२२ मध्ये १५५. सॉसेजमधून काढलेला अर्क त्याने प्राण्यांना दिला आणि थोडा स्वतःही चाखून पाहिला. सॉसेजमध्ये हवा शिरू शकत नाही तेव्हाच हे विष तयार होतं, हे त्याने नेमकं ओळखलं. शिवाय हे विष अगदी थोड्या प्रमाणात औषध म्हणून वापरता येईल असंही सुचवून ठेवलं.

सॉसेजला लॅटिनमध्ये म्हणतात 'बोटुलुस'. त्यावरून रोगाचं नाव पडलं बोटुलिझम. आणि केर्नरने सुचवलेलं ते 'औषध' म्हणजे आजचं बोटॉक्स! कपाळावरच्या सुरकुत्या घालवणाऱ्या इंजेक्शनचं माहेर सॉसेजमध्ये आहे, हे वाचून मी पाच मिनिटं नुसता हसत होतो.

हे विष कोण बनवतं ते कळायला मात्र १८९५ साल उजाडावं लागलं. बेल्जियममधल्या एलेझेल गावात एका अंत्यसंस्काराला वाजवायला बँड आला होता. चौतीस वादक. वाजवून झाल्यावर त्यांनी खारवलेलं हॅम खाल्लं, आणि त्यातले तिघं मेले. एमिल व्हान एर्मेंगेम या प्राध्यापकाने उरलेल्या हॅममधून आणि एका मृताच्या प्लीहेतून एक जंतू वेगळा काढला. हा जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतो, आणि त्याची बीजं साध्या उकळण्यालाही दाद देत नाहीत. म्हणजे गच्च भरलेलं सॉसेज किंवा हवाबंद डबा म्हणजे त्याच्यासाठी आयतं घरच.

दुसरीकडे, त्याच सुमारास लाल रंगाचं कोडंही सुटत होतं. १८९१ मध्ये एडुआर्ड पोलेन्स्के या जर्मन रसायनतज्ज्ञाला दिसलं की मिठाच्या पाण्यात घातलेला असतो नायट्रेट, पण काही दिवसांनी त्यात सापडतो नायट्राइट. म्हणजे एक ऑक्सिजन कमी. ही उचलबांगडी पाण्यातले जंतू करत होते. पुढे १९०१ मध्ये ब्रिटनच्या जॉन स्कॉट हॉल्डेनने (कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी न्यावेत असं सांगणारा हाच) दाखवलं की नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड होतो, तो रक्तातल्या रंगद्रव्याला जाऊन चिकटतो, आणि त्यातूनच शिजवल्यावरही टिकणारा तो गुलाबी रंग येतो.

इथे गोष्टीला खरं वळण मिळालं. आतापर्यंत हॅम मुरायला कित्येक आठवडे लागायचे, कारण जंतू आपल्या सवडीने नायट्रेटचा नायट्राइट करणार. आता कारखानदाराच्या लक्षात आलं की जंतूंची वाट बघायची गरजच काय? थेट नायट्राइट घाला! आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. पहिल्या महायुद्धात जर्मनीत सोरा सगळा दारूगोळ्याकडे वळला, तेव्हा तिथल्या मांसवाल्यांनी नायट्राइट वापरायला सुरुवात केली. अमेरिकेच्या शेती खात्याने प्रयोग करून १९२५ मध्ये रीतसर परवानगी दिली. अट एकच, तयार मालात दहा लाख भागांत २०० भागांपेक्षा जास्त नायट्राइट राहू नये.

ही अट उगाच नव्हती. नायट्राइट दिसतं हुबेहूब मिठासारखं, पण दोन-चार ग्रॅम पोटात गेलं तर रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबवतं आणि माणूस निळा पडतो. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्वस्त खानावळीत तसंच झालं. ओटमीलमध्ये मिठाऐवजी चुकून नायट्राइट पडलं आणि अकरा म्हातारे अक्षरशः निळे होऊन इस्पितळात आले. एक दगावला. जर्मनीने त्यावर फार शहाणा उपाय आधीच, १९३४ मध्ये, काढला होता. सुटं नायट्राइट मांसवाल्याच्या हातात द्यायचंच नाही, द्यायचं ते मिठात मिसळून. त्यातही नायट्राइट शंभरात जेमतेम अर्धा भाग. म्हणजे कोणी जास्त टाकलंच तर विषारी व्हायच्या आधी पदार्थ इतका खारट होईल की खाताच येणार नाही. (इंजिनियर म्हणून सांगतो, याला म्हणतात डिझाइन! सूचनाफलक लावण्यापेक्षा चूक करणंच अवघड करून ठेवायचं.)

पुढचा अंक जास्त गंभीर आहे. १९५६ मध्ये मॅगी आणि बार्न्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवलं की डायमिथाइल नायट्रोसमाइन नावाच्या द्रव्याने उंदरांना यकृताचा कॅन्सर होतो. नंतर नॉर्वेत मेंढ्या यकृताच्या रोगाने मरू लागल्या. त्यांना हेरिंग माशांची भुकटी खायला घालत होते, आणि ते मासे टिकवायला वापरलं होतं नायट्राइट. माशांतली अमाइन्स आणि नायट्राइट यांचा संयोग होऊन तेच नायट्रोसमाइन तयार झालं होतं! मग सगळ्यांचं लक्ष बेकनकडे गेलं, कारण ते कडक तापलेल्या तव्यावर तळतात आणि नायट्रोसमाइन व्हायला असली उष्णता चांगलीच मानवते. अमेरिकेत सत्तरच्या दशकात यावर प्रचंड खडाजंगी झाली. नायट्राइटवर बंदीच घाला म्हणणारे एका बाजूला, आणि 'बंदी घातलीत तर लोक बोटुलिझमने मरतील' म्हणणारे मांसवाले दुसऱ्या बाजूला.

मला इथे थांबून विचार करावासा वाटला. मांसवाल्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. नायट्राइट त्या जंतूच्या बीजांना रुजू देत नाही, हे खरंच आहे. पण नायट्राइट मुळात आलं होतं कशासाठी? रंगासाठी आणि घाईसाठी. रक्षणकर्त्याची भूमिका त्याला नंतर मिळाली, आणि नेमकी अडचणीच्या वेळी कामाला आली. शेवटी १९७८ मध्ये तडजोड झाली. बेकनमध्ये घालताना नायट्राइट दहा लाखांत १२० भाग, आणि सोबत ५५० भाग ॲस्कॉर्बेट, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाचा भाऊबंद, जो नायट्रोसमाइन होऊ देत नाही.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस 'कॅन्सरकारक' या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा अंदाज. याच गटात तंबाखूही आहे, त्यामुळे 'हॅम म्हणजे सिगरेट' असे मथळे झळकले. ते चूक. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. आणि १८ टक्के म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना कॅन्सर, असंही नाही. समजा मुळात शंभरात पाच जणांना होणार असेल, तर ते सहाच्या आसपास जातील. छोटा आकडा आहे, पण रोजच्या डब्याचा प्रश्न असेल तर दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

आता येऊ सेलरीवर. सेलरीत नायट्रेट भरपूर असतं. तिच्या रसात जंतू सोडले की नायट्रेटचं नायट्राइट होतं. ते वाळवून पूड केली, झालं! पोलेन्स्केने पिंपात पाहिलेलीच ही क्रिया, फक्त आता ती सेलरीच्या रसात होते. रेणू तोच, मांसात गेल्यावर वागतोही तसाच. पण सत्तरच्या दशकातल्या एका अमेरिकन नियमाप्रमाणे, सरळ नायट्राइट न घालता हॅम किंवा बेकन केलं तर त्याला 'अनक्युअर्ड' म्हणायलाच हवं. नियम बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खरोखर नायट्राइट नसलेला माल होता. सेलरीवाले त्या फटीतून आत शिरले. २०१९ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्सने दोन्ही प्रकारचं मांस तपासलं, तर नायट्राइटचं प्रमाण सरासरीने सारखंच निघालं. म्हणजे दीडपट पैसे कशाचे? आपल्या भीतीचे!

खरोखर नायट्राइटशिवाय करता येतच नाही का? येतं की. इटलीतलं पार्माचं हॅम फक्त डुकराची तंगडी आणि मीठ यांचं असतं. नायट्राइट नाही, सोरा नाही, तरी रंग सुरेख. पण ते वर्षभराहून जास्त काळ टांगून ठेवावं लागतं, त्यामुळे किंमतही तशीच. १९२५ मध्ये आपण जो वेळ वाचवला, तोच हे लोक विकतात. दुसरं उदाहरण डेन्मार्कचं. बाकी युरोपात १५० ची मर्यादा असताना त्यांनी बहुतेक पदार्थांना ६० चीच ठेवली. युरोपीय आयोगाशी भांडण कोर्टात गेलं, आणि २००३ मध्ये नायट्राइटच्या मुद्द्यावर डेन्मार्कची सरशी झाली. साठावर डेन्मार्कमध्ये बोटुलिझमची साथ काही आली नाही. २०२३ मध्ये अख्ख्या युरोपीय संघानेही आपल्या मर्यादा खाली आणल्या.

म्हणजे खरा प्रश्न 'नायट्राइट आहे की नाही' हा नाहीच. प्रश्न आहे 'किती आहे'. आणि नेमकं तेच पाकिटावर नसतं. मीठ किती, साखर किती, चरबी किती, सगळं ग्रॅम-मिलिग्रॅममध्ये छापतात. जो आकडा ठरवण्यासाठी केर्नरपासून आजवर दोनशे वर्षं माणसं खपली, काही मेलीसुद्धा, तो आकडा तेवढा गाळतात. त्याच्या जागी सेलरीच्या हिरव्यागार पानाचं चित्र असतं.

असो. आमच्याकडे निर्णय झालाय. साधं, नायट्राइट लिहिलेलं, स्वस्त हॅम. पण आठवड्यातून एकदाच. बाकीचे चार दिवस हिरवी चटणी आणि बटाटा, नाहीतर अंडं. मुलीने वाटाघाटी करून शुक्रवार मिळवलाय.