कोरण्याआधीची तपासणी

आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त वाद होतात ते नावांवरून. नवा मुलगा व्हेरिएबलला 'टेम्प टू' असं काहीतरी नाव देतो, मी रिव्ह्यूमध्ये त्याची पुल रिक्वेस्ट परत पाठवते आणि तो खुर्ची वळवून विचारतो, "मॅम, चालतंय ना पण?" चालतंय, यात शंका नाही. पण सहा महिन्यांनी त्या फाइलमध्ये दुसराच कुणीतरी शिरणार आहे, हे त्याला अजून दिसत नसतं. नावं अशीच द्या, मोकळ्या जागा इतक्याच सोडा, हे सगळं खूळ अमेरिकेतल्या कंपन्यांनी काढलं, असं त्याच्या वयाच्या मुलांना वाटतं. मी नाशिकची. या खुळाचा आमच्या गावातला पुरावा पांडवलेण्यात आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा.

मुंबई-आग्रा रस्त्यालगत पांडवलेण्यांचा त्रिरश्मी डोंगर आहे. त्यातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, व्हरांड्याच्या भिंतीवर, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची दोन दानपत्रं कोरलेली आहेत. १८८३च्या नाशिक गॅझेटियरमध्ये भगवानलाल इंद्रजींनी या लेण्यांवर लिहिलं, पुढे 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात सेनार यांनी हे लेख छापले, आणि वा. वि. मिराशींमुळे ते आपल्याला मराठीत वाचायला मिळतात.

पहिलं दानपत्र राज्याच्या अठराव्या वर्षातलं. वैजयंतीच्या विजयी सेनेच्या छावणीतून राजा नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला कळवतो की, पश्चिम कखडी गावातलं, आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं शेत डोंगरातल्या भिक्षूंना दिलं आहे. दान एवढंच. लेखाचा उरलेला भाग म्हणजे निव्वळ कार्यपद्धती. या शेतात सैनिकांनी शिरू नये, अधिकाऱ्यांनी हात लावू नये, मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी ढवळाढवळ करू नये, सगळ्या प्रकारच्या सवलती लागू आहेत. मग शेवटी नोंदी येतात: आज्ञा तोंडी दिली, अमात्य शिवगुप्ताच्या हातून ती लेखात उतरली, महास्वामिकांनी ती सांभाळली, अमुक वर्षी अमुक दिवशी पत्र दिलं गेलं, तापसाने ते पुरं केलं.

सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, राखणारे तिसरे, पुरं करणारा चौथा, आणि प्रत्येक टप्प्याची नोंद. आमच्याकडे कमिट कुणाचा, रिव्ह्यू कुणाचा, मर्ज कुणी केलं आणि कधी, हे जसं कायमचं राहतं, तसंच हे. राजाचा शब्द थेट छिन्नीखाली जात नव्हता, ही गोष्ट मला राजाच्या पराक्रमापेक्षा मोठी वाटते.

ती सवलतींची ओळ तर आणखी बघण्यासारखी आहे. त्याच अठराव्या वर्षी याच राजाने मामलच्या अमात्याला आज्ञा पाठवून कार्ल्याच्या लेण्यांतल्या भिक्षूंना एक गाव दिलं. तो लेख कार्ल्याच्या चैत्यगृहात आहे. नाशिक आणि कार्ले यांच्या मधे सह्याद्रीतली कित्येक मुक्कामांची वाट. अमात्य वेगळा, ठिकाण वेगळं. तरी सवलतींची यादी तीच, शब्दही तेच आणि क्रमही तोच. प्रत्येक कारकुनाने आपल्या मनाने वाक्यं जुळवली असती तर हे घडलं नसतं. दफ्तरात ठरलेला मसुदा होता आणि तो पाळला जातो की नाही हे बघणारी नजरही होती.

पण मसुदा बिनचूक असला म्हणून मजकूर खरा ठरतो असं नाही. त्याच भिंतीवर पुढे चोविसाव्या वर्षाचं दानपत्र आहे. त्यात राजा आणि राजमाता गोवर्धनच्या अमात्य श्यामकाला सांगतात की, कखडीत आम्ही आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्तीही नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या आमच्या राजकीय शेतातून १०० निवर्तनं द्या. त्यापुढे पुन्हा तीच सवलतींची ओळ आणि पुन्हा नोंदी. या वेळी लोटा नावाच्या प्रतिहारीचं नाव येतं, सुजीवीचं येतं, आणि एक पावसाळ्यातली, एक उन्हाळ्यातली अशा दोन तारखा येतात. दान कागदावर बरोबर होतं, जमिनीवर फसलं होतं. कोड आपोआप तपासणारा आमचा लिंटरही एवढंच करतो. कोड नीटनेटका आहे एवढं तो सांगेल. गावात वस्ती आहे की नाही, हे जाऊन बघावंच लागतं.

इथे माझं लक्ष जातं ते दुरुस्तीच्या पद्धतीकडे. जुना लेख कुणी छिन्नीने खरवडला नाही. तो तसाच ठेवला आणि पुढे नवा कोरला, जुन्याचा उल्लेख करून. म्हणून तर दान का बदललं हे आपल्याला कळतं.

नावांच्या बाबतीत मात्र हे लोक आमच्या टीमसारखेच. ज्याचं शेत गेलं तो गौतमीपुत्राने हरवलेल्या क्षत्रप नहपानाचा जावई. दहाव्या लेण्यात स्वतःच्या लेखांत तो उषवदात आहे, तिसऱ्या लेण्यात सातवाहनांच्या लेखकाने त्याला उसभदत केलं. डोंगराचं नाव एका दानपत्रात 'तेकिरसि' असं येतं, तर दुसऱ्यात 'तिरण्हु'. वाचणारा माणूस होता, त्याचं अडलं नाही. मशीन असतं तर दोन वेगळे डोंगर धरून बसलं असतं. उलट राजांच्या नावाला शिस्त होती. सातकर्णी अनेक झाले, म्हणून आईच्या गोत्रावरून आलेलं नाव आधी लावायचं: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, पुन्हा गौतमीपुत्र, पण यज्ञ सातकर्णी. पुढे आभीर ईश्वरसेनाच्या नाशिकच्या लेखात माढरीपुत्र तर आहेच, शिवाय बापाचं शिवदत्त हेही नाव जोडलेलं आहे. एकसारखी नावं वाढली की आधी काहीतरी जोडावं लागतं, हे प्रत्येक मोठ्या प्रोजेक्टला कधी ना कधी कळतं.

या उषवदाताचा हिशेब एकदा मुलांना करायला लावावा असा आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच खर्चायचं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज होतं २४०. वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा, म्हणजे तेही २४०. दगडावरचा हिशेब आजही जुळतो. आणि शेवटी लिहिलंय की, हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदवलं. म्हणजे चारचौघांनी ऐकलं, मग दफ्तरी चढलं.

नहपानाची सत्ता गेली, तेव्हा त्याची नाणीही वितळवून टाकली नाहीत. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी इथे १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. बऱ्याच नाण्यांवर त्याखाली नहपानाचं नाव अजून वाचता येतं.

रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्याही याच वळणाच्या. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की गुरुजी नेमकी वही काढतात. आजोबांची नोंद मोडीत, वडिलांची बाळबोधीत, आणि खाली आपण आपल्या हाताने लिहायचं. वरचं कुणी खोडत नाही.

आता वेब. त्याचं वय लहान, पण चुका तितक्याच टिकाऊ. १९९५ साली जावास्क्रिप्ट आली. १९९६ साली सीएसएसचा पहिला मसुदा पक्का झाला. सीएसएसने शब्द जोडायला आडवी रेघ घेतली. जावास्क्रिप्टमध्ये तीच रेघ वजाबाकीची खूण. त्यामुळे एकाच रंगाला दोन नावं पडली: इकडे मधे रेघ, तिकडे रेघ गाळून दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. अजून पोरं यात गोंधळतात. आधीच्या पानाचा पत्ता सांगणारा 'रेफरर' हा हेडर तर स्पेलिंग चुकवूनच जन्मला. मधला एक आर गळाला आणि १९९६च्या एचटीटीपी दस्तऐवजात तसाच छापला गेला. तोवर सर्व्हर आणि ब्राउझर त्याच नावाने बोलायला लागले होते. पुढे ब्राउझरमधल्या गुणधर्मात आणि त्याच विषयावरच्या नव्या हेडरमध्ये स्पेलिंग बरोबर लिहिलं, जुनं तसंच राहिलं. कखडीच्या लेखासारखंच: जुनं जागेवर, शेजारी नवं.

तपासणी यंत्राकडे सोपवायची सुरुवात बेल लॅब्जमध्ये झाली. स्टीफन जॉन्सनने १९७८ साली सी भाषेसाठी 'लिंट' लिहिला. वेबवाल्यांसाठी डग्लस क्रॉकफर्डने २००२ साली 'जेएसलिंट' आणला. त्यात त्याच्या आवडीनिवडी इतक्या कडक होत्या की वैतागून लोकांनी २०११ साली 'जेएसहिंट' वेगळा काढला. निकोलस झाकासचा 'ईएसलिंट' २०१३चा. त्यात कुठला नियम लावायचा हे टीमने ठरवायचं. २०१७ साली 'प्रेटियर' आला आणि मोकळ्या जागांवरची भांडणं मिटली, कारण फाइल सेव्ह केली की सगळ्यांचा कोड एकाच साच्यात बसतो.

म्हणून आमच्याकडे आता दोन वाटा आहेत. स्वल्पविराम, रेघा, मोकळ्या जागा हे यंत्राचं काम. त्यावर माणसाने एक शब्द बोलायचा नाही. पण जे नाव बाहेर जाणार, डेटाबेसच्या रकान्याचं, एपीआयच्या पत्त्याचं, ते मर्ज होण्याआधी दोघांनी मोठ्याने वाचायचं. आतलं नाव उद्या बदलता येतं. बाहेर गेलेलं नाव ग्राहकाच्या कोडमध्ये, कुणाच्या तरी ॲपमध्ये, छापील फॉर्मवर जाऊन बसतं. ते पुसणं आपल्या हातात राहत नाही, फार तर शेजारी नवं कोरता येतं. त्या मुलाची पुल रिक्वेस्ट मी परत पाठवते ती याच हिशेबाने, आणि तो कुरकुरतो तेव्हा त्याला गोवर्धनच्या अमात्यांची नावं सांगते.