मर रोगाच्या विषावरचा उतारा

बुरशीचं विष मातीतल्या जिवाणूंकडून मोडून घेण्याचं तंत्र प्रयोगशाळेत जन्मलं असं सांगितलं जातं. मला हे अर्धसत्य वाटतं. प्रयोगशाळेने आधी ओळखलं ते विष. भाताची रोपं भलतीच उंच वाढवून कोलमडवणाऱ्या बुरशीतून जपानचे तेइजिरो याबुता वाढ घडवणारा पदार्थ शोधत होते. १९३४ मध्ये हाती लागला तो वाढ खुंटवणारा: फ्युजारिक आम्ल. (वाढवणारं जिबरेलिन त्यानंतर सापडलं आणि सगळी कीर्ती त्यानेच नेली.) पुढे १९५०च्या दशकात मद्रास विद्यापीठात टी. एस. सदाशिवन यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीमुळे मर लागलेल्या कपाशीच्या झाडातच हे आम्ल दाखवलं. १९८८ मध्ये जपानमध्ये तोयोदा आणि सहकाऱ्यांनी ते निरुपद्रवी करणारा जिवाणू टोमॅटोच्या मर रोगाविरुद्ध वापरला.

पण जिवाणूकडे ही विद्या आली कुठून? उत्तराचा धागा १९९७ मधल्या स्वित्झर्लंडच्या संशोधनात आहे. मुळांभोवती राहणारा एक स्यूडोमोनास जिवाणू बुरशीला मारणारं द्रव्य बनवतो, आणि फ्युजारिक आम्ल नेमकं तेच बनणं दाबतं, असं डफी आणि देफागो यांना आढळलं. म्हणजे या विषाचा मारा पिकाइतकाच जिवाणूवरही आहे. त्याला तोंड देण्याची विद्या जिवाणू स्वतःसाठी कमावतो. पिकाचा लाभ आनुषंगिक. म्हणूनच निवड जपून करायला हवी. काही जिवाणू विष मोडतात, तर काही ते पेशीतून नुसतं बाहेर ढकलतात, घरातला केर शेजारच्या अंगणात लोटावा तसं. प्रयोगशाळेत विष घातलेल्या बशीत दोघेही जगतात. पिकाच्या उपयोगाचा मात्र पहिलाच.

मग बुरशीच का मारू नये? कारण तुरीची मर आणणारी बुरशी धसकटांवर वर्षानुवर्षं तग धरते, आणि शेतभर खोल मातीत औषध पोचवणं परवडत नाही. बशीतला जिवाणू रानातल्या गर्दीत टिकेलच असं नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि मला तो मान्य आहे. रोगप्रतिकारक वाण आणि पिकांची फेरपालट यांची जागा जिवाणू घेऊ शकत नाहीत, त्यांच्या जोडीला येऊ शकतात. तेही, विष खरोखर मोडतं आणि मोडल्यावर उरणारा पदार्थ निरुपद्रवी असतो, हे दोन्ही सिद्ध झाल्यावरच. त्याआधी असा जिवाणू शेतकऱ्याला विकू नये.