एमपी५ : कमांडोंच्या हातातली ही छोटी बंदूक एवढी भरवशाची का मानली जाते?

२६/११ ला नरिमन हाऊस आणि ताजमध्ये उतरलेल्या एनएसजी कमांडोंचे फोटो आठवा. त्यातल्या अनेकांच्या हातात एक आखूड काळी बंदूक होती. तिचं नाव एमपी५. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीने ती १९६० च्या दशकात बनवली, आणि आजही नवी सबमशीन गन आली की तुलना हिच्याशीच होते.

सबमशीन गन म्हणजे काय?

पिस्तुलाची गोळी वापरणारी, पण खांद्याला टेकवून सलग झाडता येणारी बंदूक. एमपी५ मध्ये ९ मिमीची गोळी असते. वजन साधारण अडीच किलो, मॅगझिनमध्ये ३० गोळ्या आणि वेग मिनिटाला सुमारे ८००. म्हणजे ट्रिगर दाबून धरला तर अख्खं मॅगझिन सव्वादोन सेकंदांत रिकामं.

मग खास काय आहे?

आपल्या लष्कर-पोलिसांकडे वर्षानुवर्षं असलेली स्टर्लिंग कार्बाइन घ्या. तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा जड ठोकळा, मागे थांबलेला असतो. ट्रिगर दाबला की तो धाडकन पुढे येतो आणि मगच गोळी सुटते. तेवढ्यात नेम हलतो.

एमपी५ मध्ये गोळी आधीच आत असते आणि बोल्ट बंद असतो. ट्रिगर दाबल्यावर फक्त आतला छोटा हॅमर फिरतो, त्यामुळे पहिली गोळी नेम धरला तिथेच जाते. शिवाय गोळी सुटताच दोन छोटे रोलर बोल्टला क्षणभर अडवून धरतात. म्हणून बोल्ट हलका ठेवता येतो आणि खांद्याला धक्काही कमी बसतो.

दहशतवादी आणि ओलीस माणूस यांच्यात हातभराचं अंतर असतं, तेव्हा हाच फरक जीव वाचवतो. मे १९८० मध्ये लंडनच्या इराणी दूतावासात ब्रिटनच्या एसएएसने हीच बंदूक वापरली. ती कारवाई टीव्हीवर थेट दिसली आणि एमपी५ जगभर पोहोचली.

उणिवा कोणत्या?

शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट मागे अडकून राहत नाही. त्यामुळे मॅगझिन संपल्याचं कळतं ते ट्रिगर दाबून काहीच झालं नाही की. नवं मॅगझिन लावल्यावर नळीच्या वर, डाव्या बाजूला असलेला हँडल पुन्हा ओढावा लागतो. सेफ्टीच्या खटक्यापर्यंत लहान हाताचा अंगठा नीट पोहोचत नाही. रोलरची रचना बनवायलाही महाग पडते. म्हणूनच याच कंपनीने पुढे यूएमपी आणली, तेव्हा त्यात साधा जड बोल्ट वापरला.

सगळ्यात मोठी मर्यादा गोळीची आहे. रायफलची गोळी अडवणारं बुलेटप्रूफ जॅकेट पिस्तुलाच्या गोळीने भेदलं जात नाही. त्यामुळे अनेक दलं आता आखूड रायफलीकडे वळली आहेत.

थोडक्यात काय?

नव्या बंदुकीची बातमी आली की आपण आधी विचारतो, मिनिटाला किती गोळ्या? पण ओलीस असलेल्या खोलीत शिरणाऱ्या जवानासाठी खरा प्रश्न वेगळा असतो : पहिली गोळी कुठे लागणार?