पाठवण्याआधीच्या तपासणीची कुळकथा

ऑनलाइन अर्जातील चूक तो पाठवण्याआधी, भरणाऱ्याच्याच संगणकावर पकडण्याची पद्धत वेबइतकी जुनी नाही. आरंभी भरलेला अर्ज सर्व्हरकडे, म्हणजे माहिती स्वीकारणाऱ्या दूरच्या संगणकाकडे जाई आणि चूक सापडल्यास सगळे पान परत येई. डिसेंबर १९९५ मध्ये नेटस्केपने ब्रेंडन आइक यांची जावास्क्रिप्ट ही भाषा जाहीर केली, तेव्हा ब्राउझरमध्येच चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे हे काम आले. उदाहरणार्थ, परभणीचा पिनकोड ४३१४०१ आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेल्या आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या पद्धतीत अंक सहाच असतात आणि पहिला अंक शून्य नसतो, म्हणून पाचच अंक पडले तर ते सांगायला सर्व्हर लागत नाही. २०१४ च्या एचटीएमएल-५ मानकाने असे नियम रकान्यालाच जोडण्याची सोय दिली. अर्थात ब्राउझरची तपासणी कोणालाही चुकवता येते, त्यामुळे सर्व्हरची तपासणी कधीच सुटली नाही.

खरा गुंता झाला तो यादीच्या रकान्यात. परभणी जिल्ह्याचे नऊ तालुके साध्या यादीत मावतात. जिंतूर तालुक्यातील गाव मात्र दोन अक्षरे टंकून शोधता यावे असे वाटते, आणि ब्राउझरच्या साध्या यादीत तसा शोध नसल्याने विकसक आपली यादी स्वतः घडवू लागले. ब्राउझरच्या लेखी ती निव्वळ चौकट होती, रकाना नव्हे. तिच्यातील मूल्य अर्जाबरोबर जात नसे आणि 'आवश्यक' हा नियमही तिला लागू होत नसे. तोडगा म्हणून तिच्यामागे एक लपवलेला रकाना ठेवला जाई, पण 'हिडन' प्रकारचा रकाना मानकानुसारच तपासणीतून वगळलेला आहे. साधा आवश्यक रकाना नुसताच नजरेआड केला, तर क्रोम त्यावर कर्सर नेऊ शकत नसे. लोकांचे अर्ज भरून देणारा सेवा केंद्राचा चालक 'सबमिट' दाबत राही, अर्ज हलत नसे आणि कारण फक्त विकसकाच्या कन्सोलमध्ये उमटे. देखणेपणासाठी मोजलेली ही किंमत जरा जास्तच होती.

उपाय 'एलिमेंट इंटर्नल्स' या सोयीने दिला. घडवलेला घटक आपण अर्जाचा रकाना असल्याचे त्यातून जाहीर करतो, आपले मूल्य अर्जाला देतो, आणि गाव निवडायचे राहिले असल्यास कोणता संदेश कोणत्या भागापाशी दाखवायचा हेही ब्राउझरला सांगतो. क्रोमने ही सोय २०१९ मध्ये, फायरफॉक्सने २०२२ मध्ये आणि सफारीने मार्च २०२३ मध्ये आणली.