सोव्हिएत शासनातील उपाध्यक्षपद : अधिकार आणि सत्ता

एकपक्षीय राज्यात शासनप्रमुखाच्या दुय्यमाचे खरे स्थान कोणते, हा प्रश्न केवळ घटनेच्या कलमांवरून सुटत नाही. सोव्हिएत संघराज्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

एप्रिल १९२२ मध्ये लेनिनने लोककमिसार मंडळाच्या उपाध्यक्षांच्या कार्याविषयी एक मसुदा तयार केला. घेतलेल्या निर्णयांची अंमलबजावणी होते की नाही हे पाहणे आणि निरनिराळ्या खात्यांवर देखरेख ठेवणे, हे काम त्याने रिकोव्ह व त्स्युरूपा यांच्याकडे सोपविले. त्याच महिन्यात स्तालिन पक्षाचा सरचिटणीस झाला. त्या वेळी पहिली घटना शासनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची भासली असेल. परंतु इतिहासाने कौल दिला तो दुसरीच्या बाजूने. कारण उपाध्यक्षाच्या हाती कामकाजाचे नियमन होते, तर सरचिटणीसाच्या हाती माणसांच्या नेमणुका होत्या. सप्टेंबर १९२२ मध्ये ट्रॉट्स्कीने उपाध्यक्षपद नाकारले. कामेनेव्हने ते स्वीकारले. तथापि १९३६ मध्ये त्याला देहदंड झाला. लेनिनच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये रिकोव्ह अध्यक्षपदी चढला. १९३० मध्ये त्याला ते सोडावे लागले आणि १९३८ मध्ये त्याचाही तसाच अंत झाला.

यावरून हे पद निरर्थक होते असा निष्कर्ष काढणे मात्र योग्य होणार नाही. कोसिगिन (१९६४) व तिखोनोव्ह (१९८०) हेही प्रथम उपाध्यक्षपदावरूनच शासनप्रमुख झाले. अवाढव्य नियोजित अर्थव्यवस्थेचा दैनंदिन गाडा उपाध्यक्षच हाकीत. किंबहुना शासनातील उत्तराधिकाराचा तो एक राजमार्गच होता. प्रश्न इतकाच की, हा मार्ग ज्या आसनापर्यंत पोहोचे, ते तरी सत्तेचे होते काय?

जून १९५७ च्या प्रसंगाने याचे उत्तर दिले. पक्षाच्या अध्यक्षमंडळातील बहुमत ख्रुश्चेव्हविरुद्ध गेले. पंतप्रधान बुल्गानिन आणि मोलोटोव्ह व कागानोविच हे प्रथम उपाध्यक्ष त्या बहुमतात होते. प्रथम उपाध्यक्षांपैकी मिकोयान ख्रुश्चेव्हच्या पाठीशी राहिला. ख्रुश्चेव्ह तेव्हा पंतप्रधान नव्हता. तो पक्षाचा प्रथम चिटणीस होता. त्याने हा वाद मध्यवर्ती समितीपुढे नेण्याचा आग्रह धरला आणि तेथे तो विजयी झाला. मोलोटोव्हची रवानगी मंगोलियात राजदूत म्हणून झाली. शासनाची सर्वोच्च पदे हाती असलेला गट पक्षाच्या सभेत पराभूत झाला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

तात्पर्य, उपाध्यक्षाला अधिकार होता. परंतु त्या अधिकाराचे मूळ शासनात नव्हते, पक्षात होते. जेथे पदच्युत झालेल्यास दाद मागण्यासाठी दुसरा पक्ष, स्वतंत्र न्यायालय वा मतदार उरत नाही, तेथे पदाची उंची हे संरक्षण ठरत नाही. रिकोव्हचे चरित्र याचीच साक्ष देते. म्हणून अशा राज्याच्या अभ्यासकाने मंत्र्यांची नामावली पाहण्यापूर्वी, नेमणुका कोण करतो हे शोधावे, हेच इष्ट होय.