शंभर तासांचं घड्याळ



हैदराबादला सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या एका तरुण श्रोत्यानं मला ईमेल केला. म्हणाला, "काका, तुम्ही लढायांचा इतिहास सांगता, घरी सगळे बसून ऐकतात. पण मी दिवसभर काय करतो ते आईबाबांना अजून समजलेलं नाही. युनिट टेस्टिंग कुठून आलं, ते एकदा तुमच्या पद्धतीनं सांगा ना."

युनिट हा शब्द वाचून मला हसू आलं. आमच्याकडे युनिट म्हणजे पलटण, सातआठशे माणसांचं कुटुंब. यांच्याकडे युनिट म्हणजे प्रोग्रामचा लहानात लहान तुकडा, एकच हिशेब करणारा. तो तुकडा बाजूला काढायचा, माहीत असलेला आकडा त्यात घालायचा आणि अपेक्षित उत्तर बाहेर येतं का ते बघायचं. ही झाली युनिट टेस्ट. शिवाय तुकडा लिहिण्याआधीच त्याची परीक्षा लिहून ठेवली, तर त्याला म्हणतात टेस्ट ड्रिव्हन डेव्हलपमेंट, थोडक्यात टीडीडी. आता मी तोफखान्याचा माणूस, संगणकाचा नाही. तेव्हा हा विषय मी माझ्या वाटेनं सांगणार, आणि ती वाट सौदी अरेबियातून जाते.

तारीख 25 फेब्रुवारी 1991. आखाती युद्ध संपायला तीन दिवस उरले होते. पण ते तेव्हा कुणाला ठाऊक? मी त्या वेळी कॅप्टन होतो. मेसमध्ये रात्री रेडिओभोवती बसून आम्ही या युद्धाच्या बातम्या ऐकायचो. इराक स्कड क्षेपणास्त्रं सोडायचा आणि अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्रं ती हवेतच गाठायला जायची. दुसऱ्याच्या क्षेपणास्त्राला आपल्या क्षेपणास्त्रानं अडवणं हा प्रकार आम्हा तोफखान्यातल्या लोकांना अद्भुत वाटायचा.

त्या रात्री साडेआठच्या पुढे एक स्कड धहरान शहराकडे आलं. तिथल्या पेट्रियट बॅटरीनं त्याच्यावर एकही क्षेपणास्त्र सोडलं नाही. (बॅटरी म्हणजे इथे तोफखान्याची तुकडी, टॉर्चमधली नव्हे.) गोदामाची बराक करून त्यात अमेरिकन सैनिक ठेवले होते, स्कड नेमकं तिथे पडलं. 28 सैनिक ठार झाले. त्यातले 13 जण पेनसिल्व्हेनियाच्या एका राखीव तुकडीचे. तुकडीचं काम काय, तर पाणी शुद्ध करणं. येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता.

रडार चालू होतं, माणसं जागेवर होती, यंत्रात बिघाड नव्हता. मग झालं काय?

अमेरिकेत आपल्या कॅगसारखी एक संस्था आहे, तेव्हा तिचं नाव जनरल अकाउंटिंग ऑफिस होतं. फेब्रुवारी 1992 मध्ये तिनं या घटनेवर अहवाल दिला. अहवाल लहानसाच आहे, पण मी नोकरीत असताना वाचलेल्या जाडजूड चौकशी अहवालांपेक्षा त्यानं मला जास्त शिकवलं.

गोष्ट घड्याळाची आहे. पेट्रियटचा संगणक सुरू झाल्यापासूनचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचा. एक, दोन, तीन, असे ठोके. सेकंद हवे असतील तर ठोक्यांच्या आकड्याला 0.1 नं गुणायचं. चौथीतला मुलगाही करेल. पण संगणक आकडे लिहितो फक्त शून्य आणि एक वापरून, आणि त्या लिपीत 0.1 हा आकडा पूर्ण लिहिताच येत नाही. आपण एकाला तीननं भागलं की 0.3333 असं लिहीत बसतो आणि ते संपत नाही, तसंच. कुठेतरी थांबावं लागतं. पेट्रियटच्या संगणकात त्यासाठी 24 घरं होती, उरलेलं कापून टाकलं जायचं. कापलेला भाग सेकंदाच्या एक कोटीव्या भागापेक्षाही किंचित कमी. एका ठोक्याला एवढी चूक कोण मोजणार?

पण ठोके साचत जातात. शंभर तासांत ते होतात 36 लाख. धहरानची ती बॅटरी शंभराहून जास्त तास न थांबता चालू होती.

आता रडार कसं बघतं ते लक्षात घ्या. आकाशात काहीतरी दिसलं की संगणक त्याचा वेग आणि वेळ धरून हिशेब करतो, की पुढच्या क्षणी ते अमुक ठिकाणी असेल. मग तेवढ्याच खिडकीत पुन्हा बघतो. तिथे ते सापडलं तर शत्रूचं क्षेपणास्त्र, नाही सापडलं तर भास समजून सोडून द्यायचं. घड्याळ चुकलं की खिडकी सरकते. त्या रात्री संगणकानं सरकलेल्या खिडकीत पाहिलं, तिथे मोकळं आकाश होतं. भास समजून त्यानं स्कड सोडून दिलं.

आणखी एक तपशील ऐका. दोन वेळांमधलं अंतर काढताना दोन्हीकडे चूक सारखीच असेल तर ती वजाबाकीत निघून जाते. पण सॉफ्टवेअर सुधारताना वेळेचा जास्त अचूक हिशेब काही ठिकाणी बसवला गेला आणि काही ठिकाणी राहून गेला. अर्धी दुरुस्ती झाली. त्यामुळे चूक उरलीच.

आणि हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. युद्धात पेट्रियट इस्रायलकडेही होतं. त्यांनी आपल्या यंत्रणेला नोंदी ठेवणारं उपकरण जोडलं होतं. 11 फेब्रुवारीला त्यांनी कळवलं की सलग 8 तास चालल्यावर खिडकी लक्षात येण्याइतकी सरकते. अमेरिकनांकडेही अशी उपकरणं होती. पण त्यामुळे यंत्रणा अचानक बंद पडेल, या भीतीनं त्यांच्या कमांडरांनी ती जोडली नाहीत. 16 तारखेला सुधारलेलं सॉफ्टवेअर तयार झालं. 21 तारखेला सगळ्या पेट्रियट तुकड्यांना संदेश गेला, की फार वेळ सलग चालवल्यास खिडकी सरकू शकते.

फार वेळ. मंडळी, या दोन शब्दांवर मी थांबतो. फार वेळ म्हणजे किती? आठ तास? दोन दिवस? संदेशात आकडाच नव्हता. कुणी एवढा वेळ यंत्रणा चालवणारच नाही, असं पाठवणाऱ्यांनी धरलं होतं. पेट्रियटचा मूळ आराखडा युरोपसाठी होता. रशियन विमानं पाडायची आणि शत्रूनं जागा ओळखायच्या आत तिथून हलायचं. एका जागी काही तासच राहायचं. धहरानला मात्र शहर राखायचं होतं, हलायचं कुठे? यंत्रणा बंद करून परत चालू केली की घड्याळ शून्यावर येतं. त्याला लागतात 60 ते 90 सेकंद. "दर आठ तासांनी एकदा बंद करून चालू करा" असं लिहिलं असतं, तर बॅटरीतल्या पोरांनी निमूटपणे केलं असतं. सैनिकाला आकडा दिला की तो पाळतो. "पहाटे लवकर हल्ला करा" असा हुकूम आम्ही कधी देत नाही, 0430 म्हणतो.

सुधारलेलं सॉफ्टवेअर धहरानला पोहोचलं 26 फेब्रुवारीला. स्कड पडल्याच्या दुसऱ्या दिवशी.

अहवालात एक तक्ता आहे. डावीकडे यंत्रणा किती तास चालली, मग खरे सेकंद, मग संगणकानं काढलेले सेकंद, मग फरक. 8 तास: खरे 28800, फरक 0.0275, खिडकी 55 मीटर सरकली. 20 तास: फरक 0.0687, सरकली 137 मीटर, आणि इथेच लक्ष्य खिडकीबाहेर जातं. 100 तास: खरे 360000, संगणकाचे 359999.6567, खिडकी 687 मीटर बाजूला.

हैदराबादच्या आपल्या मित्राच्या आईबाबांनी हा तक्ता डोळ्यांपुढे आणावा. तुमचा मुलगा दिवसभर असेच तक्ते लिहितो. आत काय घातलं, बाहेर काय यायला हवं, काय आलं. फरक एवढाच की तो हे आधी लिहितो, आणि हा तक्ता वर्षभरानंतर लिहिला गेला.

आता इतिहास. आपला प्रोग्राम चुकतो हा शोध संगणकाइतकाच जुना. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्सनं आठवणींत लिहून ठेवलंय की 1949 च्या सुमारास, जिना चढता उतरताना त्याला एकदम जाणवलं, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार. त्याच वर्षी त्याच केंब्रिजमध्ये अ‍ॅलन ट्युरिंगनं मोठा प्रोग्राम तुकड्यातुकड्यानं कसा तपासावा यावर निबंध वाचला. 1957 मध्ये डॅनियल मॅक्रॅकननं प्रोग्रामिंगच्या पुस्तकात स्पष्ट सांगितलं, की कोड लिहायला बसण्याआधीच एक उदाहरण हातानं सोडवून ठेवा, म्हणजे यंत्राचं उत्तर त्याच्याशी ताडून बघता येईल. म्हणजे आज ज्याला टीडीडी म्हणतात त्याचं बीज तिथेच आहे. त्या काळी यंत्राचा वेळ सोन्याच्या भावाचा होता, हातानं गणित करणं स्वस्त. पुढे यंत्र स्वस्त झालं आणि ही सवय सुटली. आधी सगळं लिहायचं, शेवटी तपासायचं, आणि शेवटी वेळ उरलाच नाही तर तपासणीच कापायची. ही रीत रूढ झाली. (आमच्याकडेही इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री चुना मारायची रीत आहे, तेव्हा मी कुणाला हसत नाही.)

ही सवय परत आणली अमेरिकेच्या केंट बेकनं. नवं काही शोधलं असा त्याचा दावा नाही. एका जुन्या पुस्तकात वाचलेली युक्ती आपण पुन्हा शोधली, असं तो स्वतः सांगतो. 1994 मध्ये त्यानं स्मॉलटॉक या भाषेसाठी चाचण्या आपोआप चालवणारं छोटं साधन लिहिलं. नंतर क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर त्याची सगळी कार्यपद्धती आकाराला आली. 1997 मध्ये झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात तो आणि एरिक गॅमा शेजारी बसले होते. प्रवासात दोघांनी मिळून जावा भाषेसाठी तसंच साधन लिहिलं, जेयुनिट. आज जवळपास प्रत्येक भाषेत त्याचे भाऊबंद आहेत. 2002 मध्ये बेकचं टीडीडीवरचं पुस्तक आलं.

त्याची कवायत तीन पावलांची. आधी परीक्षा लिहा आणि चालवा. कोडच नाही, तेव्हा ती नापास होणारच. पडद्यावर लाल. मग पास होण्यापुरता कोड लिहा. हिरवा. मग कोडची साफसफाई करा, आणि परीक्षा परत चालवून हिरवा टिकलाय ना ते बघा. पुढे कुणीही, कधीही, काहीही बदललं की साठलेल्या सगळ्या परीक्षा पुन्हा चालतात, काही सेकंदांत. पेट्रियटसारखी अर्धी दुरुस्ती लाल होऊन समोर येण्याची शक्यता वाढते ती इथे.

आता तुम्ही म्हणाल, शंभर तासांची परीक्षा लिहायचं सुचलं कुणाला असतं? प्रश्न रास्त आहे. एका मिनिटाची परीक्षा लिहिली असती तर ती आरामात पास झाली असती. 4 जून 1996 ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान-5 रॉकेट उडालं, आणि 40 सेकंदांच्या आत भरकटून फुटलं. हे तेच कुरू, जिथून 1981 मध्ये आपला अ‍ॅपल उपग्रह एरियाननंच नेला होता. दिशा सांगणारा कोड एरियान-4 मधून जसाच्या तसा उचलला होता. त्या रॉकेटवर तो चोख चालला होता. नवं रॉकेट जास्त वेगवान, त्यामुळे एक आकडा ठरलेल्या घरात मावला नाही आणि संगणक बंद पडला. त्याच्या जोडीला असलेला राखीव संगणकही तोच कोड चालवत होता, तोही बंद पडला. नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे घालून त्या यंत्रणेची परीक्षा उड्डाणाआधी झालीच नव्हती, असं चौकशी समितीनं नोंदवलं.

म्हणून टीडीडीवर वादही आहेत. 2014 मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या नावाजलेल्या प्रोग्रामरनं ते मेलं असं जाहीरच केलं, आणि मग बेक, मार्टिन फाउलर आणि तो, अशा तिघांच्या जाहीर चर्चा झाल्या. तुकडे तपासायच्या नादात कोडची रचनाच वाकडी होते, हे त्याचं म्हणणं. त्यात तथ्य असेलही, तो निवाडा मी करणार नाही. परीक्षा आधी लिहायला बसलं की "फार वेळ" असं लिहिताच येत नाही, आकडा लिहावा लागतो, आणि आकडा लिहायचा म्हणजे कुणालातरी जाऊन विचारावं लागतं, की बाबांनो, हे यंत्र तुम्ही किती तास चालवणार? माझं लक्ष तेवढ्यावर आहे.

माझाच एक प्रसंग सांगतो. फील्ड फायरिंग रेंजवर मी तरुण अधिकारी होतो, कमांड पोस्टमध्ये. घाईत दिशेचा आकडा 2640 च्या जागी 2460 लिहिला. पाच किलोमीटरवर याचा अर्थ जवळपास 880 मीटर बाजूला. आमच्याकडे तेच गणित दुसरा माणूस स्वतंत्रपणे करतो, माझ्या कागदाकडे न बघता. दोन्ही आकडे जुळले तरच पुढे. त्या दिवशी शेजारी बसलेला हवालदार हळूच म्हणाला, "साब, मेरा नहीं मिल रहा." तोफा थांबल्या. मी रागावलो होतो, हे कबूल करतो. मला खात्री होती की चूक त्याचीच आहे. तीन वेळा बेरीज केली, तेव्हा दिसलं. त्यानं नंतर कधी हा विषय काढला नाही, मीही काढला नाही. आज काढला.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या डोंगरात आणि किल्ल्यांत परत जाऊ. जय हिंद.