उपविधी

उपविधी : मूळ कायद्याने दिलेल्या अधिकारात एखादी संस्था किंवा स्थानिक प्राधिकरण स्वतःच्या कारभारासाठी करते ते नियम. सहकारी संस्थांत ‘पोटनियम’ हा शब्द अधिक रुळला आहे. बोलण्यात मात्र सर्रास ‘बायलॉज’. इंग्रजी शब्दातील ‘बाय’चे नाते गाव या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दाशी जोडतात, म्हणजे हा मुळात गावकीचाच नियम.

नगरपालिकेचे उपविधी रीतसर मंजुरीनंतर त्या हद्दीतल्या सर्वांवर कायद्यासारखे बंधनकारक होतात. सहकारी संस्थेचे तसे नाही : ते सभासदांमधील कराराच्या स्वरूपाचे असतात, त्यांना कायद्याचे बळ नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये ठरवले. मूळ कायद्याशी विसंगत उपविधी दोन्हीकडे टिकत नाही.

बंगळूरची इलेक्ट्रॉनिक सिटी या दोन्ही प्रकारांच्या सीमेवर उभी आहे. 1970च्या दशकात कियोनिक्स या सरकारी महामंडळाने सुमारे 332 एकरांवर ती वसवली. पुढे उद्योजकांच्या संघटनेने देखभाल पाहिली आणि 2013 मध्ये ‘एल्सिटा’ हे औद्योगिक नगरी प्राधिकरण आले. मालमत्ता कर व बांधकाम परवानगी त्याच्याकडे. अशा नगरीत नगरपालिका न स्थापण्याची मुभा राज्यघटनेच्या 243 क्यू या अनुच्छेदात आहे. सोयीची, पण रहिवासी मतदाराला फारसे स्थान न देणारी व्यवस्था.

आसपासच्या निवासी संकुलांत कर्नाटकाच्या 1972च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली वेगळे उपविधी असतात. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायटीतून तिथे गेलेल्या मराठी कुटुंबाला 1960च्या सहकार कायद्याची सवय असते. पार्किंगचे वाद तेवढे ओळखीचे निघतात.